लिलावगृह आणि लेबाक : वसाहतीच्या अर्थहेतूचे कथन

वसाहतवादामागील आर्थिक हेतूंची मीमांसा इतिहासलेखनात दीर्घकाळ होत आली आहे. जे. ए. हॉब्सन यांनी १९०२ मध्ये साम्राज्यविस्ताराचे मूळ स्वदेशातील विषम संपत्तिविभाजनात शोधले. श्रमिकांच्या हाती क्रयशक्ती नाही, म्हणून धनिकांच्या शिलकी भांडवलाला देशात वाव नाही, आणि म्हणून ते भांडवल परमुलखात जागा शोधते, अशी त्यांची साखळी होती. लेनिन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हीच साखळी मक्तेदार भांडवलशाहीच्या अवस्थेशी जोडली. शुंपेटर यांनी १९१९ मध्ये उलट बाजू मांडली : साम्राज्यविस्तार हा भांडवलशाहीचा स्वभाव नव्हे, तर लढाऊ वर्गांच्या जुन्या प्रवृत्तीचा अवशेष होय. गॅलाघर व रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये मुक्त व्यापार हेच साम्राज्याचे एक रूप असू शकते, हे दाखविले. या वादात मतभेद कितीही असले, तरी 'हेतू' हा आकडे, करार आणि पत्रव्यवहार यांतून सिद्ध करावयाचा असतो, याविषयी सर्वांचे एकमत आहे.

साहित्यसमीक्षेने या वादाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर वसाहतवादाची चर्चा प्रामुख्याने ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधांची चर्चा झाली. १९९३ मध्ये सैद यांनी जेन ऑस्टिन यांच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मधील अँटिग्वाच्या मळ्याकडे लक्ष वेधले, तेव्हा इंग्रजी घरातील सुबत्ता कोठून येते हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत आला. परंतु पुढील पुष्कळशा लेखनात मळा हे केवळ एक चिन्ह उरले. त्या मळ्यात काय पिकत होते, कोणत्या दराने विकत घेतले जात होते, नफा कोणाच्या खात्यावर जमा होत होता, हे तपशील संहितेबाहेरचे ठरले. अर्थहेतू गृहीत धरला गेला. त्याचे कथन कसे होते, हे तपासले गेले नाही.

हा प्रश्न वाङ्मयीन आहे. कृती दिसते, हेतू दिसत नाही. कंपनीच्या अहवालात हेतूचा कर्ता नसतो. तेथे 'लाभ झाला', 'वाढ झाली' अशी कर्तृहीन वाक्ये असतात. कादंबरीत मात्र कोणी तरी बोलावे लागते. नफ्याचा हेतू ज्याचा, त्याला निवेदक करावे की पात्र, की श्रोता, हा निर्णय लेखकाला घ्यावाच लागतो. त्या निर्णयात त्याची अर्थकारणाविषयीची समज, आणि तिच्या मर्यादाही, उघड होतात. एदुआर्ड डाउवेस डेकर यांनी 'मुलतातुली' या टोपणनावाने लिहिलेली 'माक्स हाफेलार' (१८६०) ही डच कादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ती ज्या व्यवस्थेविषयी बोलते, तिच्यावर पुण्यात १८९० मध्ये एक महत्त्वाचा निबंध वाचला गेला, या कारणाने मराठी अभ्यासकाचा तिच्याशी संबंध अधिक जवळचा आहे.

२

जावा बेटावर १८३० मध्ये गव्हर्नर-जनरल योहानेस फान देन बोस यांनी सक्तीची लागवडपद्धती सुरू केली. तिची पार्श्वभूमी हॉब्सन यांच्या सूत्रात बसणारी नाही. नेदरलँड्सजवळ परदेशी गुंतवावे असे शिलकी भांडवल साचले होते म्हणून ही पद्धती आली नाही. राज्य कर्जबाजारी होते म्हणून ती आली. १८२५ ते १८३० या काळातील जावायुद्धाने वसाहतीची तिजोरी रिकामी केली होती. १८३० मध्येच बेल्जियम वेगळा झाला आणि त्याच्याबरोबर राज्याचा उद्योगप्रधान भाग गेला. अशा स्थितीत जमीनसाऱ्याऐवजी जावातील गावांनी आपल्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा युरोपच्या बाजारात खपणाऱ्या पिकांसाठी द्यावा, ही पिके सरकारने ठरविलेल्या दराने सरकारलाच विकावीत, असे तत्त्व ठरले. व्यवहारात पाचव्या हिश्श्याची मर्यादा अनेक ठिकाणी पाळली गेली नाही, आणि कॉफी तर गावाबाहेरच्या डोंगरउतारांवर सक्तीच्या श्रमाने लावली गेली. ऊस आणि नीळ यांनी भातशेतीचे पाणी व मनुष्यबळ ओढून घेतले. मध्य जावात देमाक आणि ग्रोबोगान येथे १८४९-५० मध्ये भीषण दुष्काळ पडला.

गोळा झालेला माल १८२४ मध्ये स्थापन झालेली नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटी हॉलंडला नेत असे व तेथे लिलावाने विकत असे. या मालाच्या उत्पन्नातून वसाहतीचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम 'अनुकूल शिल्लक' म्हणून डच राज्याच्या तिजोरीत जमा होई. १८३१ ते १८७७ या काळात अशी ८० कोटींहून अधिक गिल्डरची रक्कम जावातून गेली. १८५० नंतरच्या दशकात राज्याच्या एकूण महसुलाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिने भरून काढला. राष्ट्रीय कर्ज फिटले, कर हलके राहिले, लोहमार्ग झाले. १८६३ मध्ये सुरीनाम आणि अँटिलीजमधील गुलामगिरी रद्द करताना गुलामांच्या मालकांना जी भरपाई देण्यात आली, तिचा भारही या शिलकेने उचलला. एका वसाहतीतील सक्तीच्या श्रमाने दुसऱ्या वसाहतीतील मुक्तीचे मोल चुकविले, आणि ते मुक्त होणाऱ्यांना नव्हे, तर मालकांना मिळाले.

औद्योगिकीकरणाशी या पद्धतीचा संबंध दुहेरी होता. बेल्जियम गेल्यानंतर ट्रेडिंग सोसायटीने पूर्व हॉलंडमधील ट्वेन्टे प्रदेशात कापडधंदा उभारण्यास हात दिला आणि तेथील कापड जावात खपविण्याची हमी घेतली. कॉफी पिकविणारा जावानी शेतकरी आणि ट्वेन्टेचा विणकर हे एकाच हिशेबवहीच्या दोन पानांवर आले. या यंत्रणेतील आणखी एक कलम पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे : डच अधिकारी आणि देशी सरदार या दोघांनाही आपापल्या हद्दीतून निघालेल्या मालावर टक्केवारी मिळत असे. जुलमाला असे अधिकृत पारितोषिक होते.

३

डेकर जानेवारी १८५६ मध्ये बांटममधील लेबाक येथे साहाय्यक रेसिडेंट म्हणून रुजू झाले. तेथील देशी सरदार, म्हणजे रेजंट, रयतेकडून विनामूल्य वेठ घेतो आणि तिच्या म्हशी ओढून नेतो, असा आरोप त्यांनी वरिष्ठांपुढे ठेवला. आरोपाची चौकशी त्यांना हवी तशी झाली नाही. काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. १८५९ मध्ये ब्रसेल्स येथे, दारिद्र्यात, त्यांनी ही कादंबरी लिहिली.

या अनुभवाचे सरळ आत्मनिवेदन झाले असते, तर ते एका दुखावलेल्या अधिकाऱ्याचे कैफियतपत्र ठरले असते. डेकर यांनी ते एका कॉफीच्या दलालाच्या तोंडी सुरू केले. बाताव्हुस ड्रोगस्टोपल हा अॅमस्टरडॅममधील लाउरिएरखाख्त कालव्यावर पेढी असलेला प्रतिष्ठित गृहस्थ आहे. त्याच्या आडनावाचा अर्थ 'वाळलेले धसकट' असा होतो. कविता आणि कादंबऱ्या यांत असत्य असते म्हणून त्या त्याला नापसंत आहेत. एक जुना शाळासोबती त्याला रस्त्यात भेटतो. थंडीत अंगावर कोट नाही, शाल आहे, म्हणून दलाल त्याला 'शालवाला' म्हणतो. या शालवाल्याने पाठविलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात असंख्य विषयांवरची टिपणे आहेत. त्यांत कॉफीविषयीची माहिती दिसताच दलालाला पुस्तकाची कल्पना सुचते. लिहिण्याचे काम तो पेढीवरील तरुण जर्मन उमेदवार स्टर्न याच्याकडे सोपवितो, कारण स्टर्नचा बाप हा हॅम्बर्गचा मोठा गिऱ्हाईक आहे. कादंबरीचे पूर्ण शीर्षक 'माक्स हाफेलार, अथवा डच ट्रेडिंग सोसायटीचे कॉफीचे लिलाव' असे आहे. दलालाच्या दृष्टीने शीर्षकाचा दुसरा भाग हेच खरे पुस्तक होय.

स्टर्न मात्र गठ्ठ्यातून लेबाकची हकीकत लिहू लागतो. त्यामुळे कादंबरीत दोन निवेदने आलटून पालटून चालतात. एकीकडे लेबाकमध्ये हाफेलार सरदारांपुढे न्यायाचे भाषण करतो; दुसरीकडे दलाल मधेच येऊन वाचकाची क्षमा मागतो आणि कॉफीचा विषय अजून आला कसा नाही, म्हणून कुरकुरतो. धर्मोपदेशक वावेलार याचे प्रवचन त्याला मनापासून पटते. जावानी माणसाने श्रम करून ईश्वराकडे जावे, हे त्या प्रवचनाचे सार. श्रम म्हणजे कॉफी, हा दलालाचा अन्वयार्थ. येथे उपरोध कोठेही उच्चारला जात नाही. दलाल स्वतःला सत्यवादी समजतो आणि त्याने सांगितलेला प्रत्येक तपशील खराही आहे. त्याचा दांभिकपणा असत्य बोलण्यात नसून, दोन सत्ये एकमेकांशेजारी न आणण्याच्या सवयीत आहे.

सईजा आणि अदिंदा यांची कथा या रचनेच्या मध्यभागी येते. सईजाच्या बापाची म्हैस जिल्ह्याचा सरदार घेऊन जातो; बाप वडिलोपार्जित कट्यार विकून दुसरी घेतो; तीही जाते. घरातील किडूकमिडूक संपते, बाप परागंदा होतो. सईजा म्हशींपुरते पैसे मिळविण्यासाठी बटाव्हियाला जातो, आणि परत येतो तेव्हा अदिंदा लाम्पुंगच्या बंडखोरांत गेलेली असते. डच शिपायांनी जाळलेल्या गावात त्याला तिचे प्रेत सापडते. या कथेनंतर लेखक कबूल करतो की ही कथा रचलेली आहे. परंतु लुटीची गोष्ट रचलेली नाही. कादंबरीला असत्य म्हणणाऱ्या दलालाला दिलेले हे उत्तर आहे : नावे कल्पित असू शकतात, म्हशी नव्हेत.

४

एवढ्या सामर्थ्याच्या या रचनेत एक पोकळी आहे, आणि पुढील समीक्षेचा कस तिच्यावर लागतो. लेबाक हा कॉफीचा संपन्न प्रदेश नव्हता. हाफेलारचा आरोप लागवडपद्धतीवर नाही. तो देशी सरदाराच्या बेकायदा वेठीवर आणि तिला पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांवर आहे. शीर्षकातील लिलावगृह आणि लेबाकमधील म्हैस यांच्यामधला कार्यकारणभाव कादंबरी कोठेही युक्तिवादाने सिद्ध करीत नाही. तो केवळ निवेदनांच्या सान्निध्याने सुचविला जातो. सरदाराला जी टक्केवारी मिळते, जी त्याच्या लोभाला सरकारी मान्यता देते, ती जोडकडी कथेच्या रचनेत ठळक होत नाही. हाफेलार वसाहत नाकारीतही नाही. त्याला चांगले राज्य हवे आहे; अखेरीस लेखक स्टर्नला आणि दलालाला बाजूस सारून स्वतः लेखणी घेतो, तेव्हा तो दाद मागतो ती हॉलंडच्या राजाकडेच.

या पोकळीचा परिणाम कादंबरीच्या स्वीकारात दिसला. प्रकाशनाची व्यवस्था याकोब फान लेनेप यांच्याकडे होती. त्यांनी स्थळांची नावे आणि तारखा गाळून त्या जागी ठिपके घातले. हक्क त्यांच्या नावे झाल्याने लेखकाला न्यायालयातही दाद लागली नाही, आणि गाळलेले तपशील १८७५ च्या आवृत्तीपर्यंत परत आले नाहीत. ज्या संहितेचे बळ म्हशीच्या वास्तवात होते, तिच्यातून ठावठिकाणाच काढला गेला. दुसरीकडे, डच उदारमतवाद्यांनी सरकारी मक्तेदारीविरुद्धच्या आपल्या मोहिमेत पुस्तकाने जागविलेल्या संतापाचा उपयोग केला. १८७० च्या कृषी कायद्याने खाजगी भांडवलाला जावात ७५ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने जमीन मिळू लागली. सक्ती क्रमाने ओसरली, मळे राहिले, मालक बदलले. पुस्तकाचा हा विपर्यास होता असे सरळ म्हणता येत नाही. दलाल आणि सरदार यांच्यामधील दुवा संहितेने मोकळा ठेवला होता. ज्याला जो हवा, तो त्याने तेथे बसविला.

याच काळात हिशेबवहीलाही आपला भाष्यकार मिळाला. कलकत्त्याचे बॅरिस्टर जे. डब्ल्यू. बी. मनी यांनी जावाची सफर करून १८६१ मध्ये वसाहत कशी चालवावी यावर एक ग्रंथ लिहिला आणि डच पद्धतीची मुक्तकंठाने स्तुती केली. बेल्जियमचे युवराज, पुढे राजे झालेले दुसरे लिओपोल्ड, यांच्यावर या ग्रंथाचा मोठा प्रभाव पडला. त्यांच्या खाजगी मालकीच्या काँगोत पुढे हस्तिदंत आणि रबर यांसाठी जे घडले, त्याची एक वैचारिक वाट अशा प्रकारे जावातून जाते. त्या काँगोत १८९० मध्ये जोसेफ कॉनरॅड गेले, आणि १८९९ मध्ये 'हार्ट ऑफ डार्कनेस' प्रसिद्ध झाली. तेथे मार्लो आपली हकीकत सांगतो ती कंपन्यांचा संचालक, वकील आणि हिशेबनीस यांच्यापुढे. मुलतातुलींनी व्यापाऱ्याला निवेदक केले होते. कॉनरॅडनी त्याला श्रोता केले. निवेदक व्यापारी आपल्या बोलण्याने उघडा पडतो. श्रोता व्यापारी गप्प राहून सुटतो. चाळीस वर्षांत अर्थहेतू कथेच्या तोंडातून तिच्या कानात सरकला, आणि त्याच प्रमाणात नैतिक काळोखाला तत्त्वज्ञानाचे गूढ वलय मिळाले. चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये या कादंबरीवर जो आक्षेप घेतला, तो आफ्रिकी माणसाच्या चित्रणाविषयीचा होता. हिशेबनिसाच्या मौनाचा प्रश्न त्याला पूरक आहे.

५

महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत 'नेदरलँड्स इंडिया' आणि तेथील लागवडपद्धती यांवर निबंध वाचला. ही पद्धती तोपर्यंत बहुतांशी मोडीत निघाली होती, आणि मुलतातुलींची कादंबरी १८६८ पासून इंग्रजीत उपलब्ध होती. रानड्यांना जावात दिसली ती सरकारने पुरविलेली उचल, कारखानदारांना दिलेली खरेदीची हमी आणि कच्च्या मालावर तेथेच होणारी प्रक्रिया. सक्तीचा पुरस्कार हा त्यांचा हेतू नव्हता. सरकारी पतीच्या आधारे खाजगी उद्योगांना कर्ज मिळावे, एवढे तत्त्व त्यांना उचलावयाचे होते.

हे वाचन अपुरे होते असे म्हणणे सोपे आहे. ते तसे का झाले, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे. १८९२ च्या डेक्कन कॉलेजमधील व्याख्यानात रानड्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राच्या सार्वत्रिकतेच्या दाव्यालाच आव्हान दिले. हिंदुस्थानात 'मुक्त व्यापार' या शब्दाखाली देशी कारागिरी नष्ट होत होती आणि देश कच्चा माल पुरविणारी शेतवाडी बनत होता. ज्याच्या अनुभवात सरकारचे हात बांधून बसणे हाच जुलूम होता, त्याला सरकारचा हात पुढे आलेला दिसला की आशा वाटणे स्वाभाविक होते. डच उदारमतवादी आणि रानडे हे एकाच पद्धतीविषयी उलट निष्कर्षांवर आले, कारण दोघांचा शत्रू वेगळा होता. दोघांच्याही मांडणीत मात्र जावानी शेतकरी हा उत्पादनाचा एक घटक होता. हमी कारखानदाराला मिळाली. म्हैस कोणाची गेली, हा प्रश्न उद्योगनीतीच्या परिभाषेत विचारता येत नव्हता.

तो प्रश्न त्याच पुण्यात सात वर्षांपूर्वी मराठीत विचारला गेला होता. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मधील. डच कादंबरीशी त्याचा संबंध प्रभावाचा नाही, रचनेतील साम्याचा आहे. दोन्ही संहिता मिश्र आहेत : अहवाल, भाषण, उपहास, विलाप आणि अर्ज यांची त्यांत सरमिसळ आहे, आणि रूढ वाङ्मयप्रकारांच्या कसोटीने दोन्ही विस्कळीत ठरतात. दोन्ही अखेरीस राज्यकर्त्यांकडेच वळतात. दोहोंच्या छपाईत स्वकीयांचाच अडथळा आला. असूडाची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधू'ने छापली व पुढची छापली नाहीत. दोहोंत प्रत्यक्ष छळ करणारा हात देशी मध्यस्थाचा आहे : तेथे रेजंट, येथे भटकामगार.

या शेवटच्या साम्यावरून फुल्यांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. देशी मध्यस्थावर रोख धरल्याने परकी सत्तेचा अर्थहेतू नजरेआड होतो, असा तो आक्षेप आहे. मुलतातुलींच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण तेथे लिलावगृह आणि लेबाक यांना जोडणारी कडी सुटलेली आहे. असूडात ती सुटलेली नाही. वाढती सारापट्टी, गोऱ्या कामगारांचे पगार व पेन्शनी, सरकारी कर्जावरील व्याज, विलायती यंत्रांच्या स्वस्त मालाने उपाशी पडलेले कारागीर, कचेरीतील लाच आणि धर्माच्या नावाने उकळली जाणारी दक्षिणा ही कलमे तेथे एकाच शेतकऱ्याच्या खात्यावर नावे पडतात. मध्यस्थ हा तेथे परकी हेतूचा पर्याय म्हणून येत नाही. त्या हेतूची शेतापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून येतो. गोऱ्या अधिकाऱ्याच्या ऐषारामी दुर्लक्षावर फुल्यांनी जेवढा भर दिला, तेवढा लंडनच्या भांडवलबाजारावर दिला नाही, ही त्यांच्या मांडणीची मर्यादा आहे. परंतु हिशेब कोणाच्या बाजूने मांडावयाचा, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. दाद न लागता परतणारा शेतकरी स्वतःशी बोलू लागतो, तेव्हा असूडातील अर्थशास्त्र निवेदकाच्या हातून सुटून ऋणकोच्या तोंडी जाते. डच कादंबरीत सईजाची कथा स्टर्नने सांगितली होती.

६

या तुलनेतून समीक्षेच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, 'वसाहतवादाचा आर्थिक हेतू' असा एकवचनी हेतू नाही. जावात तो कर्जबाजारी राज्याचा महसूल होता, १८७० नंतर खाजगी मळेवाल्यांचा नफा होता, काँगोत एका राजाची खाजगी मिळकत होती. समीक्षकाने संहितेला 'वसाहतवादी' हे विशेषण लावण्यापूर्वी यांपैकी कोणता हेतू तेथे कथनाला आकार देतो, हे सांगितले पाहिजे. त्यासाठी मालाचा भाव आणि जमिनीचा पट्टा हे संहितेचेच तपशील मानले पाहिजेत. दुसरा निष्कर्ष असा की, अर्थहेतूचे आकलन हे निवेदकाच्या निवडीवर अवलंबून असते. दलाल, अधिकारी, हिशेबनीस आणि ऋणको यांना एकच व्यवहार चार तऱ्हांनी दिसतो, आणि यांतील चौथा जेथे बोलत नाही, तेथे उरलेल्या तिघांची बेरीज बरोबर आली तरी हिशेब पुरा होत नाही.

मराठी समीक्षेपुढील काम यातून स्पष्ट होते. १८४९ मध्ये लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्राला मराठी परिभाषा देण्याचा जो उद्योग आरंभिला, तेथपासून असूडापर्यंतचे गद्य आजवर प्रबोधनाचा दस्तऐवज किंवा सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचले गेले. त्याच्या विस्कळीतपणाची वाङ्मयीन दखल अपवादानेच घेतली गेली. अर्ज, विलाप आणि ताळेबंद एका संहितेत का यावे लागले, या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या अनघडपणात शोधण्याची सवय सोडावी लागेल. ज्या व्यवहाराचा एक टोकाचा भाग लंडनच्या किंवा अॅमस्टरडॅमच्या पेढीत आणि दुसरा कुणब्याच्या गोठ्यात होता, तो सांगण्यास एक निवेदक आणि एक वाङ्मयप्रकार पुरेसा नव्हता. असूडाची रचना त्या व्यवहाराच्या मापाची आहे, आणि त्याच मापाने तिचे मूल्यमापन व्हावयास हवे.